पुसलेल्या फाइलीचा शोध

गेल्या वर्षी हें वार्षिक तीन आठवडे उशिरा निघालें. उशिराचें कारण विचारणाऱ्या पालकांस आम्हीं त्या वेळीं "कांहीं तांत्रिक अडचण" एवढेंच मोघम उत्तर दिलें होतें. खरी हकीकत अशी कीं, मराठी विभागासाठीं आलेल्या सर्व लेखांच्या फाइली आम्हीं स्वतःच्या हातानें पुसून टाकिल्या होत्या. ती हकीकत आज मोकळेपणानें सांगतों. कारण संगणकाची झाडलोट करणारीं आणि हरवलेल्या फाइली परत आणणारीं सॉफ्टवेअरें कशीं चालतात, व तीं नीट चालत नाहींत तेव्हां दोष कोठें शोधावा, हें आम्हांस त्या तीन आठवड्यांत शिकावें लागलें, आणि तसा प्रसंग आमच्या विद्यार्थ्यांपैकीं व त्यांच्या वडील मंडळींपैकीं कोणावर केव्हां येईल ह्याचा नेम नाहीं.

कार्यालयांतील संगणक फार मंद चालूं लागला होता, आणि डिस्क भरत आल्याची सूचना वारंवार येत होती. एका शनिवारीं शाळा सुटल्यावर आम्हीं विंडोजच्या सेटिंग्जमध्यें जाऊन तात्पुरत्या फाइलींची यादी उघडली, तींत जितके चौकोन होते तितक्या सर्वांवर खूण केली, आणि काढून टाकण्याची कळ दाबिली. त्या यादींत 'डाउनलोड्स' नांवाचाहि एक चौकोन होता. लेख ई-मेलनें येवोत वा पेन ड्राइव्हवरून उतरवून घेतलेले असोत, ते सर्व त्याच एका फोल्डरांत टाकण्याची आम्हांस संवय होती. सोमवारीं सकाळीं फोल्डर उघडून पाहतों, तों तो रिकामा! रिसायकल बिन पाहिली, तीहि रिकामी. कारण अशा झाडलोटींतून गेलेल्या फाइली त्या कचरापेटींत न थांबतां थेट पुसल्या जातात.

हा चौकोन तेथें असावा कीं नाहीं, ह्याविषयीं आमच्या आधीं पुष्कळांनीं कपाळावर हात मारून घेतलेला आहे. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ मधील आवृत्तींत 'डिस्क क्लीनअप' ह्या जुन्या साधनांतहि डाउनलोड्सचें नांव घालण्यांत आलें, लोकांच्या तक्रारी आल्या, आणि २०२० च्या आवृत्तींत तें तेथून काढण्यांत आलें. सेटिंग्जमधील यादींत मात्र तें राहिलें. त्यावर आपोआप खूण केलेली नसते, ती आपणच करतों, हें येथें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे.

आतां, 'पुसली' म्हणजे काय झालें, हें समजल्यावांचून पुढील कोणतीच गोष्ट उमगावयाची नाहीं. आमच्या शाळेच्या ग्रंथालयाची कल्पना करा. कपाटांत पुस्तकें आहेत, आणि टेबलावर एक सूची आहे. अमुक पुस्तक अमुक कपाटाच्या अमुक फळीवर, असें तींत लिहिलेलें आहे. एखादें पुस्तक काढून टाकावें असा हुकूम झाला, आणि ग्रंथपालानें कपाटापर्यंत न जातां सूचींतील ती ओळ तेवढी खोडली व "ही फळी आतां मोकळी समजावी" असा शेरा मारिला, तर पुस्तक कोठें गेलें? तें जागच्या जागींच आहे. वाचकाच्या दृष्टीनें मात्र तें नाहींसें झालें. पुढें नवें पुस्तक आलें, म्हणजे ग्रंथपाल शेरा पाहून त्याच फळीवरील जुनें पुस्तक ढकलून देतो, आणि तेव्हां कोठें तें खरोखर जातें.

संगणकाचा ग्रंथपाल असाच आळशी, किंवा असें म्हणूं या कीं वेळ वांचविणारा आहे. विंडोजमध्यें १९९३ पासून जी एन.टी.एफ.एस. नांवाची मांडणी प्रचारांत आहे, तींत 'मास्टर फाइल टेबल' ही ती सूची. डिस्क बहुधा ४,०९६ बाइटांच्या लहान लहान खणांत विभागलेली असते, आणि फाइल पुसली म्हणजे तिची नोंद 'वापरांत नाहीं' अशी होऊन तिचे खण मोकळे समजले जातात. पेन ड्राइव्हवर पुष्कळदां आढळणारी एफ.ए.टी. ही त्याहून जुनी मांडणी. तींत फाइलीच्या नांवाचें पहिलें अक्षर तेवढें बदलून तेथें एक ठराविक खूण ठेवितात. म्हणूनच जुनीं साधनें फाइल परत आणतांना "पहिलें अक्षर कोणतें होतें?" असा प्रश्न मालकासच विचारीत असत. पीटर नॉर्टन ह्या अमेरिकन गृहस्थांनीं १९८२ सालीं 'नॉर्टन युटिलिटीज' विक्रीस आणिलें. त्यांतील 'अनइरेझ' ह्या साधनानें हें काम घरोघरच्या लोकांच्या आवाक्यांत आणिलें. पुढें १९९५ सालीं विंडोजमध्यें रिसायकल बिन आली, तेव्हांपासून चुकून पुसणारास विचार करावयास थोडी सवड मिळूं लागली. ती सवड शिफ्ट कळ दाबून पुसलेल्या फाइलीस मिळत नाहीं, आणि पेन ड्राइव्हवरून पुसलेल्या फाइलीसहि बहुधा मिळत नाहीं.

ह्यावरून ध्यानांत येईल कीं, झाडलोट करणारें सॉफ्टवेअर आणि शोध घेणारें सॉफ्टवेअर हीं दोन्ही एकाच मोकळ्या जागेवर परस्परविरुद्ध कामें करणारीं आहेत. पहिलें ती जागा वापरास देऊं पाहतें. दुसऱ्याचें सारें भांडवल ती जागा अद्याप कोणीं वापरली नाहीं ह्यावर अवलंबून असतें. आश्चर्य असें कीं, सीक्लीनर व रेकुवा हीं ह्या दोन कामांचीं अत्यंत प्रसिद्ध साधनें पिरिफॉर्म ह्या एकाच ब्रिटिश कंपनीनें काढलीं.

आमची खरी चूक शनिवारची नव्हे, सोमवारची. फाइली गेल्याचें पाहतांच घाबऱ्याघाबऱ्या आम्हीं इंटरनेटवरून शोध घेणारें सॉफ्टवेअर उतरवून घेतलें, आणि तें कोठें उतरलें? त्याच डिस्कवरील त्याच डाउनलोड्स फोल्डरांत! एकानें समाधान झालें नाहीं म्हणून दुसरें, मग तिसरें. सांपडलेल्या फाइलीहि आम्ही तेथेंच सांठवूं लागलों. म्हणजे एक लेख वांचवितांना दुसऱ्याच्या खणांवर तो लिहीत होतों. मंगळवारीं कार्यालयाचीं कामें नेहमीप्रमाणें चालूं होतीं, फीच्या पावत्या निघत होत्या, ब्राउझर आपल्या तात्पुरत्या फाइली लिहीत होता. बुधवारीं तालुक्याच्या ठिकाणीं संगणकदुरुस्तीचा धंदा करणारा आमचा एक माजी विद्यार्थी आला, आणि त्यानें पहिलें वाक्य उच्चारलें तें हें : "सर, आधीं हा बंद करा."

त्यानें काय केलें तें पाहण्यासारखें होतें. त्यानें संगणक उघडून डिस्क बाहेर काढली, ती एका केबलनें आपल्या लॅपटॉपला जोडली, आणि शोधाचें सॉफ्टवेअर त्या लॅपटॉपवरून चालविलें. सांपडेल तें सर्व त्यानें तिसऱ्याच एका डिस्कवर ठेविलें. आमच्या डिस्कवर त्यानें एक अक्षरहि लिहिलें नाहीं. मायक्रोसॉफ्टनें २०२० सालीं 'विंडोज फाइल रिकव्हरी' नांवाचें जें फुकट साधन दिलें, तें तर सांपडलेल्या फाइली ठेवण्यास निराळी डिस्क दाखविल्यावांचून कामच करीत नाहीं, असें तो म्हणाला. आम्हांस हा नियम आधीं ठाऊक असता, तर पुढील हिशेब निराळा झाला असता.

शोध सुरू करण्यापूर्वी त्यानें विचारलें कीं, लेखांच्या दुसऱ्या प्रती कोठें असण्याचा संभव आहे काय? ह्या साध्या प्रश्नानें ४३ पैकीं १२ लेख बसल्या जागीं मिळाले, कारण ते ई-मेलनें आलेले होते व टपालपेटींत तसेच पडून होते. घाबरलेल्या माणसास हें सुचत नाहीं. उरले ३१. हे विद्यार्थ्यांनीं पेन ड्राइव्हवरून आणून दिलेले, आणि ते पेन ड्राइव्ह मध्यंतरीं दुसऱ्या कामीं लागून गेलेले.

ह्या ३१ च्या निमित्तानें शोध घेणाऱ्या सॉफ्टवेअरांच्या बहुतेक तक्रारी आमच्या अनुभवास आल्या. पहिली तक्रार नांवांची. यादींत आमच्या ओळखीचें नांव क्वचितच दिसे. कांहीं फाइलींच्या नांवांत डॉलरचें चिन्ह, मग 'आर' अक्षर, मग अर्थहीन अक्षरें. ह्या पूर्वी केव्हां तरी रिसायकल बिनमध्यें जाऊन आलेल्या, कारण तेथें जातांना विंडोज फाइलीस असें नवें नांव देतें. इतरांस केवळ आंकडे. सूचीच नष्ट झाली असेल तर सॉफ्टवेअर खणांमागून खण वाचून, आंतील मजकुराच्या ठेवणीवरून फाइल ओळखतें; क्रिस्तॉफ ग्रनिए ह्यांचें 'फोटोरेक' हें ह्या रीतीचें प्रसिद्ध साधन आहे. नांव सूचींत असतें, मजकुरांत नसतें, म्हणून अशा रीतीनें आलेली फाइल बहुधा अनामिक येते. नांवानें शोधूं नये, फाइलीच्या जातीनें व आकारानें शोधावें, आणि एकेक उघडून पाहावी. दुसरा उपाय नाहीं.

ह्या ठेवणीची एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. वर्डची आजची फाइल ही वस्तुतः अनेक लहान फाइलींचें आंवळून बांधलेलें 'झिप' गांठोडें असते, आणि प्रत्येक झिप गांठोड्याच्या आरंभीं 'पी' व 'के' हीं दोन अक्षरें असतात. तीं ही रीत काढणाऱ्या फिल कॅट्झ ह्यांच्या नांवाचीं आद्याक्षरें होत. त्यामुळें कित्येक सॉफ्टवेअरें वर्डचा लेख सांपडला तरी तो 'झिप' म्हणून दाखवितात, आणि आपण त्यास निरुपयोगी समजून सोडून देतों. आमचे दोन निबंध असेच पडले होते. नांवाचें शेपूट बदलतांच ते उघडले.

दुसरी तक्रार अशी कीं, सॉफ्टवेअर फाइलीपुढें हिरवी खूण दाखवितें, ती परतहि येते, परंतु उघडत नाहीं. हिरव्या खुणेचा अर्थ इतकाच कीं, तिच्या खणांवर दुसऱ्या कोणत्या फाइलीचा हक्क सूचींत दिसत नाहीं. मध्यंतरीं तेथें एखादी फाइल येऊन गेली असेल, तर तें खुणेस कसें कळावें? शिवाय मोठी फाइल सलग न ठेवतां तुकड्यातुकड्यांनीं ठेविलेली असते; सूची गेली कीं कोणता तुकडा कोणाचा हें सांगणें कठीण होतें. आमच्या एका विद्यार्थ्याच्या 'माझी सह्याद्रीची सहल' ह्या लेखाचा उत्तरार्ध म्हणून वसतिगृहाच्या किराण्याची यादी आली, ती ह्याच कारणानें.

आमचें दैव बलवत्तर म्हणून कार्यालयाचा संगणक जुना होता व त्यांत फिरत्या तबकड्यांची डिस्क होती. अलीकडील बहुतेक लॅपटॉपांत एस.एस.डी. असते, आणि तेथें सारा प्रकारच निराळा. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, फाइल पुसली कीं 'ट्रिम' नांवाची आज्ञा एस.एस.डी.ला जाते : हे खण आतां रिकामे करण्यास हरकत नाहीं. मग डिस्क आपल्या सवडीनें ते साफ करते, व नंतर तेथें वाचावयास गेल्यास बहुधा नुसतीं शून्यें हातीं येतात. तेथेंहि हिरवी खूण दिसूं शकते, आणि माणूस एकामागून एक सॉफ्टवेअरें विकत घेत सुटतो. अशा वेळीं सॉफ्टवेअरास बोल लावण्यांत अर्थ नसतो. मोबाइलची गोष्टहि जवळजवळ अशीच. त्यांतील मजकूर कुलूपबंद लिपींत असतो, आणि "पुसलेले सर्व फोटो परत" असें सांगणारीं ॲपें पुष्कळदां फोटोंच्या उरलेल्या लघुप्रतिमा तेवढ्या दाखवितात. तेथें पहिला आसरा म्हणजे गॅलरीची स्वतःची कचरापेटी. आयफोनमध्यें ती ३० दिवसांपर्यंत सांभाळते. गूगल फोटोजमध्यें बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो.

आणि डिस्कमधून टक्‌टक् असा आवाज येत असेल, तर कोणतेंहि सॉफ्टवेअर न चालवितां ती बंद करून जाणत्या माणसाच्या हवालीं करावी. यंत्राचा भाग मोडलेला असतां केलेला प्रत्येक शोध त्यास अधिक खरवडतो.

तिसरी तक्रार खास आपल्या मराठीची आहे. परत आलेल्यांपैकीं पांच लेख उघडले, तों आंत इंग्रजी अक्षरें, चिन्हें व विचित्र ठिपके ह्यांचा नुसता चिवडा. आम्हीं ते 'नष्ट' ह्या सदराखालीं लिहूनहि टाकिले. ते टाइप करून देणाऱ्या दुकानदारानें एक नजर टाकून सांगितलें कीं, ह्यांस कांहीं झालेलें नाहीं. हे श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत आहेत, आणि तुमच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाहीं. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वीच्या ह्या फॉन्टांत देवनागरी अक्षराचें चित्र तेवढें रोमन अक्षराच्या जागीं बसविलेलें असतें. फॉन्ट नसला कीं मुखवटा गळून पडतो. घराघरांतील किती जुनीं मराठी कागदपत्रें अशीं 'बिघडलेलीं' समजून टाकून दिलीं जात असतील, ह्या विचारानें आम्हांस वाईट वाटलें.

पेन ड्राइव्हविषयीं एक सूचना येथेंच देतों. पुष्कळ विद्यार्थी, "सर, सर्व फाइली पुसल्या गेल्या, नुसते शॉर्टकट दिसतात," असें सांगत येतात. ती पुसलेली फाइल नव्हे. एक जातीचा व्हायरस फाइलींस लपवून त्यांच्या जागीं आपले शॉर्टकट ठेवितो. त्या शॉर्टकटांवर मुळींच टिचकी मारूं नये. अँटिव्हायरसनें व्हायरस काढावा, मग लपविलेल्या व सिस्टिमच्या फाइली दाखविण्याची सोय चालू करावी. बहुतेक सर्व जागींच असतात. शोधाचें सॉफ्टवेअर तेथें निष्कारण.

आतां झाडलोटीच्या तक्रारींविषयीं थोडें. "साफ केलें, तरी संगणक अधिकच मंद झाला" ही अगदीं नेहमींची. ब्राउझरनें व विंडोजनें आपल्याच सोयीसाठीं जवळ ठेविलेल्या प्रती आपण फेंकून दिल्या, तर त्या पुनः तयार होईपर्यंत वेळ लागणारच. पाण्याचे भरलेले हंडे ओतून देऊन आड जवळ नाहीं म्हणण्यासारखें तें आहे. सर्व ठिकाणचे पासवर्ड पुनः मागितले जाऊं लागले, तर कुकीज पुसल्या गेल्या असें समजावें. "जागा मोकळी झाली नाहीं" असें झाल्यास, पूर्वस्थितीचीं नोंदस्थळें, निद्रावस्थेची फाइल व जुन्या विंडोजचा फोल्डर हीं पाहावींत. हा शेवटला बहुधा दहा दिवसांनीं आपोआपच जातो. काम एका टक्क्यावर अडून बसलें, तर विंडोज अपडेटचे अवशेष काढणें चालूं असतें. धीर धरावा, मध्येंच वीज बंद करूं नये. रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांच्या वाटेस जाऊंच नये असें आमचें स्पष्ट मत झालें आहे. मायक्रोसॉफ्टहि अशा साधनांच्या वापरास पाठिंबा देत नाहीं, आणि लाभ म्हणावा तर तो डोळ्यांस दिसत नाहीं.

मोकळी जागा 'पुसून काढण्याचा' एक पर्याय अशा साधनांत असतो. त्यांत एकदां, तीनदां, सातदां, आणि पस्तीस वेळां असे प्रकार दिलेले असतात. पस्तीसचा आंकडा पीटर गटमन ह्यांच्या १९९६ च्या एका शोधनिबंधांतून आला. आजच्या डिस्कांस त्याची गरज नाहीं असें खुद्द त्यांनींच पुढें सांगितलें. संगणक विकतांना हा पर्याय एकदां वापरणें शहाणपणाचें. रोजच्या झाडलोटींत तो निवडला, तर चुकून पुसलेल्या फाइलीची शेवटची आशाहि आपण आपल्या हातानें घालवितों. सॉफ्टवेअर कोठून घेतों तेंहि पाहिलें पाहिजे. सप्टेंबर २०१७ मध्यें उघडकीस आलें कीं, सीक्लीनरच्या ऑगस्टमधील एका आवृत्तींत चोरट्यांनीं मूळ कंपनीच्याच वितरणांत घातक भाग घुसविला होता, आणि ती सुमारें २२ लाख ७० हजार संगणकांवर गेली होती. ज्यांनीं अधिकृत ठिकाणाहून घेतली तेहि त्यांत सांपडले. विंडोजबरोबर येणारी झाडलोटीची सोय घरगुती कामास पुरेशी आहे. फक्त चौकोन वाचून खुणा कराव्यात, हें आम्हीं सांगावें हा काळाचा विनोद आहे.

शेवटीं आमचा हिशेब असा झाला. ३१ पैकीं १९ लेख धडधाकट आले. पांच फॉन्टाचे होते, तेहि सुटले. चार मुळींच मिळाले नाहींत. त्यांच्या लेखकांनीं ते पुनः लिहून दिले, आणि एकानें तर पहिल्याहून चांगला लिहिला. तीन अर्धवट आले. ह्या तिहींपैकीं एक, नववींतील एका विद्यार्थिनीनें आपल्या आजीच्या तोंडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या २६ ओव्यांचा. मूळ कागद टाइप करणाऱ्या दुकानांत राहिला व तेथून रद्दींत गेला. वर्डमध्यें मोडक्या फाइलींतून केवळ मजकूर काढून घेण्याची एक सोय आहे, तिच्या साह्यानें पहिल्या नऊ ओव्या आल्या. पुढें नुसतीं चिन्हें. सोमवारीं आम्हीं उतरविलेलें तिसरें सॉफ्टवेअर बहुधा नेमकें त्या खणांवर बसलें असावें. तें आम्हीं त्या मुलीला सांगितलें, आणि ती कांहीं बोलली नाहीं.

दिवाळीच्या सुटींत ती वही घेऊन पुनः आजीकडे गेली. आजीनें ओव्या गाइल्या, पण त्याच नव्हेत. जातें आतां दळणास नाहीं, आणि पहिल्या खेपेस ज्या क्रमानें आठवल्या त्या क्रमानें त्या दुसऱ्यांदा आठवल्या नाहींत. ह्या वेळीं २१ मिळाल्या. त्यांतील चार पहिल्या नवांत होत्या. अशा एकंदर २६ ओव्या ह्याच अंकांत पुढें छापिल्या आहेत. आंकडा योगायोगानें तोच भरला. छापण्यापूर्वी मुलीनें त्या सर्व आजीस वाचून दाखविल्या. फाइलींतून निघालेल्या नवांपैकीं दोन आपण कधीं गाइल्याच नाहींत, असें आजीचें म्हणणें पडलें.